शेवटची खेप

"तू गेम संपवलास?" मनीने दारातूनच विचारलं. खांद्यावरची बॅगसुद्धा तिने अजून उतरवली नव्हती. पडद्यावर काळ्या पाण्यावरून नावांच्या ओळी वर सरकत होत्या, चित्रं कोणाची, संगीत कोणाचं, आणि सोफ्याच्या कडेवर मनीची आई हातात कंट्रोलर घेऊन, वर्गात पहिली आल्यासारखी बसली होती. "मग! एका दुपारत," ती म्हणाली. "तू किती महिने अडकून बसली होतीस त्यात. एवढं काही अवघड नाहीये गं." मनी पडद्याकडे बघत राहिली. आता पोरगी चिडेल, आदळआपट करील, निदान 'माझ्या वस्तूंना हात का लावलास' एवढं तरी म्हणेल, अशी आईने मनाची तयारी केली होती. मनी फक्त "बरं" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही. कडी सरकल्याचा एवढासा आवाज आला. दार आपटलं की काय करायचं ते आईला ठाऊक होतं. हे नवीन होतं.

आणि तिचं चुकलं तरी काय होतं? ठरलं होतं ना तसं. परीक्षा जवळ आली तेव्हा तिनेच बजावलं होतं, हा हातातला गेम संपव आणि मग परीक्षा होईपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. मनी लगेच हो म्हणाली होती. इतक्या पटकन ही मुलगी कधी ऐकत नाही, तेव्हाच तिला संशय यायला हवा होता. कारण गेम काही संपेना. आठवडे गेले, महिना उलटला, मनी रोज संध्याकाळी थोडा वेळ त्यात जायची, पडद्यावरच्या त्या नदीकाठी इकडून तिकडे फिरायची आणि बंद करायची. "संपला का?" "नाही अजून." "किती राहिलाय?" "थोडासाच." थोडासाच! आई दात करायच्या कारखान्यात काम करते. म्हणजे डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात आणि त्यावरून कवळ्या, कॅपा, काय काय बनवायचं ते तिथे बनतं. थोडंसंच राहिलेलं काम पोटात दाबून बसणं तिच्या रक्तात नाही. लहानपणी वाचनालयातून कादंबरी आणली की ती आधी शेवटचं पान वाचायची, एकदा काय होतंय ते कळलं की मग निवांत सुरुवात करायची. मैत्रिणी शिव्या घालायच्या. पण एवढी चारशे पानं जीव टांगणीला लावून कोण बसणार? तेव्हा रविवारी मनी क्लासला गेली आणि ती सरळ सोफ्यावर बसली. पोरगी आपल्याला मामा बनवते आहे, तर आपणही बघू. बोटांचा तिला चांगला अंदाज आहे. तांदळाएवढ्या दातावर मेणाचा थर चढवणाऱ्या बाईला चार बटणं काय जड?

गेमची गोष्ट अशी होती की एक गाव पाण्याखाली जाणार आहे. पाणी चढतंय, पण भयंकर सावकाश, आणि एक मुलगी होडीतून एकेकाला पैलतीरावर नेऊन सोडते आहे. बहुतेक सगळे गेलेले होते. मनीने नेले असणार. काठावर दोघंच उरले होते. एक म्हातारा भट्टीवाला, पांढऱ्या टोपीचा, आणि एक दिवेवाली बाई, जी घाटावरचे कंदील पेटवायची. आई त्यांच्याजवळ गेली तर दोघं काहीबाही बोलायला लागले. भट्टीवाला म्हणाला, आज लाकूड ओलं आहे. दिवेवाली म्हणाली, कालचं तेल चांगलं होतं, तू आणलेलं. ही बडबड कशाला, असं म्हणत तिने पुढे ढकलणारं बटण दाबलं. मग होडीचा दोर सापडला. दोर सोडला की प्रश्न आला, ही शेवटची खेप, जागा एकाचीच आहे, कोणाला घेणार? तिने भट्टीवाल्याला घेतलं. का, तर तो जवळ उभा होता. होडी निघाली, आणि मागे दिवेवालीने कंदील खाली ठेवून हात हलवला. बराच वेळ हलवत होती. रडणं नाही, शाप नाही, काही नाही. मग पाणी, मग नावं. चला, झालं, असं ती मोठ्याने म्हणाली होती, रिकाम्या घरात.

त्यानंतरचे दिवस घरात सगळं कसं रीतसर चाललं होतं. मनी वेळेवर उठत होती, ताट उचलून ठेवत होती, "येते" म्हणून जात होती आणि "आले" म्हणून येत होती. गेमचं तिने नाव काढलं नाही, ठरल्याप्रमाणे. आईला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि तरी ताटातलं अर्धं ती झाकून ठेवत होती. कारखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर ती बसायची, समोर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, उघडे, काही न बोलणारे. छोट्या ज्योतीवर मेण तापवताना त्याचा गोडसर वास यायचा. या वासात तिची वीस वर्षं गेली होती. नवऱ्याला तो तिच्या केसांत यायचा आणि एके काळी आवडायचाही. मग आवडेनासा झाला असं नाही. त्याला तो येईनासा झाला. तिलाही त्याची शीळ ऐकू येईनाशी झाली होती, सकाळी दाढी करतानाची. भांडण म्हणून त्यांच्यात कधी झालंच नाही. एक दिवस दोघांनी समोरासमोर बसून, चहा पीत, शहाण्या माणसांसारखं ठरवलं की आता वेगळं राहावं. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतच होती. त्याने तिथे घर घेतलं, मनीसाठी वेगळी खोली ठेवली, खिडकीतून झाड दिसेल अशी. लोक म्हणायचे, काय समजूतदार आहात हो तुम्ही दोघं. आणि त्या समजूतदारपणाच्या भरातच त्यांनी मनीला समोर बसवून सांगितलं होतं, तू आता लहान नाहीस, तुला कुठे राहायचंय ते तूच ठरव. घाई नाही. परीक्षा झाली की सांग. तू जे ठरवशील ते आम्हा दोघांना मान्य आहे. कोणालाही वाईट वाटणार नाही. तेव्हाही मनी म्हणाली होती, "बरं."

तेव्हाचं 'बरं' आणि रविवारचं 'बरं', दोन्ही एकाच सुरातली होती. मेण जास्त तापून पातळ झालं आणि टेबलावर ओघळलं. शेजारची पॉलिशवाली म्हणाली, "अगो बाई, लक्ष कुठेय तुझं?" आणि तिने, काही नाही, म्हणून सुरीने मेण खरवडलं.

मनीची एक मैत्रीण आहे, जिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही. बुधवारी ती वही न्यायला आली, मनी अंघोळीला गेली होती, तेव्हा आईने तिला स्वयंपाकघरात बसवून सरळ विचारलं, "काय असतं गं एवढं त्या गेमच्या गोष्टींत? सिनेमे आहेत, पुस्तकं आहेत."

"काकू, पुस्तकात आपण नसतो ना," रेडिओ बिस्किट मोडत म्हणाली. "म्हणजे असतो, पण त्यांना माहीत नसतं."

"आणि गेममधल्यांना माहीत असतं?"

"असतं असं वाटतं. मला ना काकू, मरणं-बिरणं फार आवडतं. मस्त ढसाढसा रडायला मिळतं. घरी कोणी विचारलं काय झालं, तर गेममधलं आहे म्हणायचं, की झालं, कोणी मागे लागत नाही. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, इतका सज्जन, इतका सज्जन की बोअर होतं, तो दर वेळी दुष्ट राजाच होतो. गावंच्या गावं जाळतो."

"आणि मनीला? तिला काय आवडतं?"

"मनीचं काय विचारू नका. ती वेडी आहे. ती नुसती राहते तिथे. भट्टीवाल्याला लाकडं आण, दिवेवालीला तेल आण, बस, एवढंच. दोर सोडायचाच नाही. कारण दोर नाही सोडला की दोघं असतात ना. आम्ही किती हसतो तिला." मग रेडिओने जीभ चावली. "तुम्ही संपवलात ना काकू?"

"परत खेळता येतो की. पहिल्यापासून."

"येतो. पण मग ती माणसं ती नाहीत ना. त्यांना मनी आठवणार नाही." बाथरूममध्ये बादली वाजली आणि रेडिओ उरलेली बिस्किटं खिशात कोंबून पसार झाली.

आई ओट्याला टेकून उभी राहिली. दोर नाही सोडला की दोघं असतात. अगं माझे आई. आपण समजत होतो पोरगी सवलत लांबवतेय, फसवतेय आपल्याला, आणि पोरगी रोज संध्याकाळी तिथे जाऊन एकाला लाकडं आणि एकीला तेल पोचवत होती, बिनतक्रार, की कोणाला कमी पडू नये. आणि आपण जाऊन, जवळ उभा होता म्हणून, त्याला उचललं. आतून पाण्याचा, मग बादलीचा आवाज येत होता. आपल्याला कोणी असं विचारलं असतं तर? सोळाव्या वर्षी, आई हवी का बाबा? तिच्या आईने तिला कधी काही विचारलं नव्हतं. कुठली शाळा, कुठला फ्रॉक, काही नाही. आणि तिने आयुष्यभर त्याबद्दल आईला यथेच्छ बोल लावले होते, आई थकेपर्यंत, आई हसून "हो गं, माझंच सगळं चुकलं" म्हणेपर्यंत. किती सोपं होतं ते! मनी कोणाला बोल लावणार होती? ते दोघं तर इतके चांगले होते.

मनी टॉवेल डोक्याला गुंडाळून आली, खिडकीच्या उजेडात उभी राहिली आणि तिने मोठी जांभई दिली. आईला सवयीने तिच्या दातांकडे बघायचं नव्हतं, पण वीस वर्षांची सवय कुठे जाते. वरचा डावा सुळा टोकाला सपाट झाला होता. शेजारच्या दातांच्या कडाही कानशीने घासल्यासारख्या. असे जबडे कारखान्यात येतात, झोपेत करकर दात खाणाऱ्यांचे. त्यांच्यासाठी ती रात्री घालायच्या मऊ पट्ट्या बनवते, आणि प्रत्येक वेळी तिच्या मनात येतं, काय बरं चावत असेल हा माणूस रात्रभर? गेल्या उन्हाळ्यात हा सुळा चांगला टोकदार होता. तेव्हा घरात तिघं होते.

"मनी," ती म्हणाली. "त्या दोघांपैकी तू कोणाला नेलं असतंस?"

मनी लगेच समजली. टॉवेलने केस पुसत राहिली. "कोणालाच नाही."

"पण पाणी चढत होतं."

"फार हळू चढत होतं." मग टॉवेलमधूनच, "मला माहीत होतं शेवटी काय होतं ते. सगळ्यांनाच माहीत असतं, कोणीतरी सांगतंच. ज्याला ठेवून जाऊ ना आई, ते काहीच म्हणत नाही. म्हाताऱ्याला ठेवलं तर तो टोपी हलवतो आणि हसतो. तिला ठेवलं तर ती हात हलवते. एकदा तरी म्हणावं ना, मला नको टाकून जाऊस म्हणून. चिडावं तरी. नुसतंच काय हसायचं!" तिचा आवाज फाटला. ती "क्लासला उशीर होतोय," म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली. केस ओलेच होते.

दुपारी कारखान्यात आईचं काम धड होईना. भिंतीवरच्या आरशाजवळ कवळीचा रंग उजेडात बघायचा असतो; ती तिथे गेली आणि कवळी हातात तशीच राहिली. गेले कित्येक महिने ती एक वाक्य घोटत होती. रस्त्याने चालताना, भांडी घासताना. मनी म्हणेल, आई, मी बाबांकडे जाते. मग आपण म्हणायचं, छान, अगदी छान, मला काही वाटणार नाही हं बाळा, तुझी खोली मी तशीच ठेवीन. ते म्हणताना चेहरा कसा ठेवायचा हेसुद्धा तिने ठरवलं होतं. ओठ किती उघडायचे, दात किती दिसू द्यायचे. आता आरशात तिने तो चेहरा करून पाहिला. झाला, लगेच झाला, इतका हातचा मळ झाला होता. आणि तिला स्वतःची किळस आली. पोरीचा जीव चालला होता आणि ही बाई हसण्याचा सराव करत होती! खरं बोलायचं तर मनी गेली तर ती मरणार होती. मरणार म्हणजे मरणार नाही, उठणार, मेण तापवणार, पण घरी येऊन कडी काढताना काय करायचं ते तिला कळणार नव्हतं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मनीच्या मनावर दडपण नको म्हणून. मनीचं मन मोकळं राहावं म्हणून तिने ते रिकामंच ठेवलं होतं, आणि त्यात आई-बाप दोघंही नव्हते. तिने कवळी डबीत ठेवली, डोकं दुखतंय असं पॉलिशवालीला सांगितलं आणि ती घरी निघाली. रस्ताभर ती स्वतःशी पुटपुटत होती, समोरून येणारा एक माणूस बाजूला सरला.

मनी टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. आईने चपला काढल्या नाहीत, पाणी प्यायली नाही. बसली तर हिंमत जाईल अशी तिला भीती वाटत होती.

"तू काही ठरवायचं नाहीस," ती म्हणाली. "मी ठरवलंय. तू इथे राहायचंस. माझ्याजवळ."

मनीने पुस्तक मिटलं. "म्हणजे? तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हणालो. मूर्खपणा केला. तुला विचारायलाच नको होतं. मला तू हवी आहेस, म्हणून तू इथे राहणार. आवडलं नाही तर माझ्यावर चीड. आईमुळे बाबा दुरावला म्हण. सगळ्यांना सांगत सुट, आई दुष्ट आहे म्हणून."

"मला न विचारता?"

"हो. न विचारता."

"असं कसं करू शकतेस तू!" मनी उभी राहिली, खुर्ची मागे पडली. "आधी म्हणायचं तू मोठी आहेस! मग म्हणायचं नाहीस! माझा गेम पण न विचारता संपवलास! मला काय वाटतं ते कोणी... मी काय कपाट आहे का, इकडे ठेवा नाहीतर तिकडे ठेवा?" ती खूप बोलली. आईला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त. दाढीच्या वेळच्या शिळेपासून आईच्या त्या चिवट समजूतदार हसण्यापर्यंत सगळं त्यात आलं, जे मनीला दिसतच नाही असं आईला वाटायचं. आई उभी राहून ऐकत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते तिने पुसलं नाही, हसून तर मुळीच दाखवलं नाही. शेवटी मनीला दम लागला.

"बाबांना कोण सांगणार?" ती म्हणाली.

"मी."

"मग आत्ता सांग. माझ्यासमोर."

फोन त्याने लगेच उचलला. गेले काही महिने तो असाच उचलत होता, वाट बघत बसल्यासारखा. "काय गं? काही बोलली का ती?"

"ती काही बोलली नाही. मी बोलतेय. मनी इथे राहील. मी ठरवलंय."

मग तो त्याच्या त्या चांगल्या, सपाट आवाजात म्हणाला, "ठीक आहे. तिच्या दृष्टीने तेच बरं असेल. मला काही..."

"गप्प बस!" ती ओरडली. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर एकदाही ओरडली नव्हती. "काही वाटणार नाही म्हणतोस? तिच्यासाठी झाडाची खिडकी शोधत शहरभर फिरलास आणि काही वाटणार नाही? मनी इथे उभी आहे. स्पीकरवर आहेस तू. बोल आता."

"हे काय चालवलंयस तू? तिच्यासमोर?" त्याचा आवाज चढला. "तू कोण एकटीने ठरवणारी? मला नको आहे का ती? मी इथे येताना काय सहज आलो वाटतं तुला? रोज संध्याकाळी त्या खोलीचा दिवा लावतो मी, वेड्यासारखा, कोणी नसताना! मी नाही मान्य करणार हे. अजिबात नाही!"

"नको करूस! तिची शाळा इथे आहे, मैत्रिणी इथे आहेत..."

"मग सुट्ट्या माझ्या! सगळ्या!"

"सगळ्या? अर्ध्या."

"अर्ध्या काय अर्ध्या? उन्हाळ्याची पूर्ण! आणि महिन्यातून दोन रविवार मी येणार तिथे, तुला चालो न चालो."

"ये ना! कोणी अडवलंय? इतके दिवस आला का नाहीस?"

"तू कधी म्हणालीस का ये म्हणून?"

मनी पडलेल्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, फोनकडे टक लावून. एका बाजूला गरम आवाज, दुसऱ्या बाजूला गरम आवाज, दोन्ही तिच्याचबद्दल. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हनुवटी गुडघ्यावर ठेवून नुसती ऐकत होती, कोणी आपल्याला गोष्ट सांगत असावं तशी. समोरच्या इमारतीत कोणीतरी गॅलरीत आलं. मनी उठली, तिने खिडक्या लावून घेतल्या, आईच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, आणि पुन्हा येऊन आईच्या पायाशी टेकून बसली.

"थांबलात का?" ती फोनला म्हणाली. "भांडा ना."